जुनी गाडी घरी आणल्यावर पहिले आठ दिवस

माझी थोरली मुलगी मिरजेत एका दवाखान्यात नर्स आहे. आठवड्यातून दोन-तीन रात्रपाळ्या. बुधगावहून सांगलीमार्गे जायचं आणि पहाटे अंधारात परत यायचं. साखर कारखाने सुरू झाले की या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, त्यातल्या कित्येकांना मागं दिवाही नसतो. तिला स्कूटी नको होती. माझ्या स्प्लेंडरवरच शिकली, मोठ्या चाकाची सवय झालेली. म्हणून दिवाळीनंतर तिच्यासाठी २०१६ सालची स्प्लेंडर प्लस घेतली. चावी देताना विकणारा म्हणाला, "कालच सर्व्हिसिंग केलंय, डोळे झाकून चालवा."

मी कुपवाड एमआयडीसीत चोवीस वर्षं लेथवर आहे. आमच्याकडं माप घेतल्याशिवाय जॉब पुढच्या टेबलावर जात नाही, मग आधीच्या माणसानं काहीही सांगितलेलं असो. गाडीलाही मी तेच लावतो. जुनी गाडी आणली की पहिले आठ दिवस ती तपासायची, कामावर न्यायची नाही. मुलीला शेजारी बसवून सगळं केलं, कारण उद्या रस्त्यात अडली तर मी तिथं नसणार. जे केलं ते त्याच क्रमानं लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. गाडी थांबते का हे आधी बघायचं, पळते कशी हे सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात. पिकअप बघतात, सायलेन्सरचा आवाज ऐकतात, टाकीवर हात फिरवतात आणि ब्रेकला पाय लावून "ठीक आहे" म्हणतात.

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२, १४ आणि १७ चे पाने, प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, स्टीलची पट्टी, टॉर्च आणि जमलं तर साधा मल्टिमीटर. रॉकेल आता मिळत नाही, त्यामुळं धुवायला थोडं डिझेल आणि जुना ब्रश. आणि एक वही. तिच्या पहिल्या पानावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहायचा. गाडीचा मागचा इतिहास आपल्याला माहीत नसतो, आपला इतिहास या पानापासून.

पहिल्या दिवशी गाडी धुवायची, पण चकाकीसाठी नव्हे. इंजिनाच्या खालच्या बाजूला, चेन कव्हरजवळ, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर जुना चिखल आणि तेल बसलेलं असतं. ते गेल्याशिवाय नवी गळती दिसत नाही. फवाऱ्याचा जोर चाकाच्या बेरिंगवर, मीटरवर, वायरींवर मारू नका. धुवून कोरडी झाली की रात्री खाली पुठ्ठा टाकून डबल स्टँडवर लावायची. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठं पडलाय ते बघायचं. आमच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक डाग होता, बरोबर ऑइलच्या बोल्टखाली. त्याचं कारण पुढं सांगतो.

धुताना आमच्या भागात एक गोष्ट शोधावीच लागते, ती म्हणजे पुराची खूण. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, जुलै २०२१ ला परत पूर आला, त्याच जुलैत चिपळूण बुडालं. पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून, रंग मारून बाजारात येतात आणि पुढं कुठल्याही जिल्ह्यात विकल्या जातात. वरून काही कळत नाही. सीट काढा आणि खालच्या फोमचा वास घ्या. साइड कव्हर काढून कोपऱ्यांत बोट फिरवा. पुराचा गाळ पिठासारखा मऊ असतो, रस्त्याच्या धुळीसारखा खरखरीत नसतो. हेडलाइट उघडून आतल्या वायरींचे जोड बघा, पितळी पिनांवर हिरवट थर आहे का. मीटरच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का. एवढ्या ठिकाणी स्वच्छ असेल तर बहुधा पुराची गाडी नाही, तरी पुढची तपासणी सोडू नका. गाळ सापडला तर ब्रेकचे ड्रम, चाकाची बेरिंगं आणि सगळी वायरिंग उघडल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नका.

आता ब्रेक. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तुम्हीही घालवा.

स्प्लेंडरच्या या मॉडेलला पुढं-मागं दोन्हीकडं ड्रम ब्रेक. आतले ब्रेक शू किती झिजलेत हे चाक न काढता कळायची सोय कंपनीनंच दिलेली असते आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. ब्रेकची वायर किंवा दांडा ज्या आर्मला जोडलेला असतो, त्याच्या मुळाशी एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि बघायचं. बाण खुणेपाशी पोचला असेल तर शू संपले. मुलीला पेडल दाबून धरायला सांगितलं, मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. बाण बरोबर खुणेवर. आणि पेडल मात्र छान, वरच्या वर लागत होतं! मग आर्म पुसून नीट बघितला. आर्मवर आणि त्यातून बाहेर आलेल्या दांडीवर एकेक टिंब असतं, ती दोन टिंबं समोरासमोर हवीत. इथं आर्म काढून दांडीच्या दातांवर एक दात पुढं सरकवून बसवलेला. शू संपत आले की पेडल खाली जातं आणि नट आवळून आवळून आटे संपतात. तेव्हा शू बदलायच्या ऐवजी आर्म सरकवला की पेडल परत वर येतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं ब्रेक कडक आहे. हीच ती "कालची सर्व्हिसिंग".

तिथंच दुसरी गोष्ट सापडली. मागच्या ड्रमच्या झाकणाला एक लोखंडी पट्टी चिमट्याशी, म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फ्रेमच्या भागाशी, जोडून धरते. ब्रेक दाबला की शू चाकाला पकडतात आणि झाकणासकट चाकाबरोबर फिरू बघतात. त्यांना फिरू न देणं एवढंच त्या पट्टीचं काम. तिच्या बोल्टला नट असतो आणि नट सैल होऊन पडू नये म्हणून आरपार कॉटर पिन. आमच्या गाडीत पिनच्या जागी बाइंडिंगची गंजलेली तार पिळून घातली होती, बोटानं ओढली तर तुटली. नट हातानं फिरत होता. तो नट वाटेत पडला असता तर पुढच्या जोराच्या ब्रेकला झाकण गरकन फिरलं असतं, दांडा वाकला असता आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं असतं. मागून भरलेली ट्रॉली येत असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून आठ दिवस गेला नाही. कॉटर पिन पाच-दहा रुपयांत मिळते. तुमच्या गाडीला ती आहे का, हे आत्ता उठून बघा.

शू बदलायला चाक काढलं की ड्रमच्या आतली काळी पूड फुंकायची नाही आणि हवाही मारायची नाही. ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं टिपून घ्या. ड्रमच्या आतून बोट फिरवा, कडेला उंच ओठ तयार झाला असेल किंवा खोल चरे असतील तर नुसते शू बदलून भागत नाही. शू ज्या कॅमवर उघडतात त्याला अगदी नखभर ग्रीस. जास्त लावलं तर तापून शूच्या घासणाऱ्या थरावर, म्हणजे लायनरवर, उतरतं आणि ब्रेकच जातो. जोडल्यावर पुढच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल, मागच्या पेडलला २० ते ३०. पट्टी लावून मोजा. मग डबल स्टँडवर चाक हातानं फिरवा, घासल्याचा आवाज यायला नको. शेवटी मोकळ्या मैदानात वीसच्या स्पीडनं आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा लावून बघा. नवे शू बसायला थोडे दिवस लागतात, तोवर पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवायचं.

टायरची नक्षी सगळे बघतात, वय कुणी बघत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. २२१९ असेल तर २०१९ सालच्या २२ व्या आठवड्यात बनलेला. आमचा पुढचा टायर दिसायला नक्षीदार होता, पण आकडा गाडीच्याच वयाचा निघाला. अंगठ्यानं दाबून नक्षीच्या फटी उघडल्या तर आत बारीक चिरा. रबर वाळलेलं असलं की पहिल्या पावसात घसरतं. पुढचा टायर ट्यूबसकट नवीन घातला, मागचा चांगला होता. हवा पुढं २५ पौंड आणि एकटं चालवताना मागं २८, मागं माणूस बसणार असेल तर जास्त. किती ते गाडीच्या पुस्तकात किंवा स्टिकरवर दिलेलं असतं. सकाळी चाक गार असताना मोजायची. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर पान्यानं हळूच टिचकी मारा. आवाज टणक यायला हवा, जी तार बद्द वाजते ती सैल.

पुढचं चाक उचलून धरा, म्हणजे डबल स्टँडवर लावून मागं कुणाला तरी बसवा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बरोबर मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेरिंग, गेला. मग शॉकअपची खालची टोकं धरून पुढं-मागं हलवा, टक-टक जाणवली तर सैल आहे. तसंच मागचं चाक धरून डावी-उजवीकडं हलवायचं, तिथं खेळ निघाला तर बेरिंग नाहीतर चिमट्याचे बुश. पुढच्या नळ्यांवर तेलाचं कडं दिसलं तर ऑइल सील. यातलं काहीही स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, मिस्त्रीकडं न्या. फक्त काय बिघडलंय हे तुम्ही सांगा, त्याला शोधायला लावू नका. बिलात फरक पडतो.

चेन बघायला चेन कव्हरवरचं रबरी बूच काढा. गाडी न्यूट्रलला, मधल्या जागी चेन बोटानं वर-खाली करून पट्टीनं मोजा, २० ते ३० मिलिमीटर चाल हवी. एकदाच मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल तर चेन ओढली गेलीय, आवळून काही होणार नाही, दोन्ही दातेरी चक्रांसकट पूर्ण सेट बदला, आम्हीही बदलला. नव्या चेनला जुनी चक्रं लावली तर ती नवी चेनही लवकर खातात. आवळताना चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या घरावर हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि चाक मागं सरकलं की मागच्या ब्रेकची चाल बदलते, ती परत जुळवायची. चेनच्या लॉकला माशाच्या आकाराची क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला पाहिजे. उलटी बसवलेली क्लिप एखाद्या दगडाला अडकून निघू शकते. तेल म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं लावा, गाडी फिरवून आल्यावर, चेन कोमट असताना.

ऑइल किती काळं आहे यावरून बदलायचं की नाही ते ठरवू नका. सरळ बदला. कारण त्यात काय घातलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायची, गरम ऑइल तळचा गाळ घेऊन बाहेर येतं. खालचा १७ चा बोल्ट सोडवला आणि पुठ्ठ्यावरच्या डागाचं कोडं सुटलं. कुणीतरी जोर लावून बोल्ट तिरका आवळला होता आणि इंजिनाच्या केसिंगचे आटे अर्धे गेले होते. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, जोर लावला की मऊ धातूच हरतो. हे माझं रोजचं काम, त्यामुळं केसिंगमध्ये नवे आटे पाडून बुश बसवला. तुम्ही हे टर्नरकडून करून घ्या, पण मुळात होऊच देऊ नका. बोल्ट आधी फक्त बोटांनी फिरवायचा, तीन आटे अलगद बसले तरच पाना हातात घ्यायचा. अडला तर परत काढायचा. वायसर नवीन घालायचा.

निघालेलं ऑइल जुन्या पातेल्यात घ्या आणि उन्हात बघा. बारीक करडी चमक चालते. डोळ्याला दिसणारे धातूचे कण चालत नाहीत, आतलं काहीतरी खातंय. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आमच्याकडं त्याचा पहिला संशय पुरावर. नवं ऑइल मोटरसायकलचंच, १०डब्ल्यू-३०. कारचं उरलेलं ओतू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घसरडेपणानं तो निसटायला लागतो. पातळी मोजायची तर गाडी डबल स्टँडवर सरळ, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करून थोडं थांबा. ऑइल मोजायची काडी पुसून नुसती आत टेकवा, फिरवून आवळू नका, आवळली तर पातळी खोटी दिसते.

प्लग काढून बघितला की इंजिन स्वतःच बोलतं. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुधा एअर फिल्टर तुंबलाय. ओलसर तेलकट काळं म्हणजे ऑइल वर चढतंय, ते पिस्टन-रिंगचं नाहीतर व्हॉल्व्हच्या सीलचं काम. सायलेन्सरमधून निळसर धूर सकाळी पहिल्यांदा चालू करताना क्षणभर येत असेल तर सीलकडं बोट जातं, चढाला ॲक्सिलेटर दिल्यावर सतत येत असेल तर रिंगकडं. प्लग परत बसवतानाही तोच नियम, आधी बोटांनी. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, ऑइलचा हात देऊन बसवता येतो. तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नका, बदला.

टाकीत टॉर्च मारून तळाला गंज आहे का बघा. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो, तो सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाला पाण्याचा थेंब किंवा तांबूस पूड बसली तर टाकी धुवावी लागेल. विस्तवापासून लांब, उघड्यावर करा. पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून बघा, चिरा दिसल्या की बदला. क्लचची आणि ॲक्सिलेटरची वायर लिव्हरपाशी टॉर्चनं बघा, एक जरी बारीक तार तुटून बाहेर आली असेल तरी त्या वायरचे दिवस भरलेत.

दिव्यांसाठी माणूस लागतो. मुलगी मागं उभी राहिली, मी एकेक दाबत गेलो. मागचा ब्रेकचा दिवा पायानं लागत होता, पुढच्या लिव्हरनं लागत नव्हता. रात्रीच्या रस्त्यावर हा दिवा हेडलाइटइतकाच महत्त्वाचा आहे. लिव्हरखालचा छोटा स्विच बदलला. बॅटरी रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी मोजा, साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी. गाडी रेझ केल्यावर आकडा १४ च्या जवळ गेला पाहिजे. जात नसेल तर नवी बॅटरीही महिन्यात मरेल, दोष चार्जिंगमध्ये आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. पायाच्या रबराची झीज, मागच्या ब्रेक पेडलची गुळगुळीत झालेली जागा, चावीचे दात, या तिन्ही गोष्टी खरं बोलतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवून बघा. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या पैसे देण्याआधी घ्या, गाडीवर कर्ज असेल तर ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत टाकायचा असतो. हे राहून गेलं आणि मधे काही झालं तर घरच्यांची फरफट होते.

आठव्या दिवशी गाडी तिच्या ताब्यात दिली, पण पहिले ३०० किलोमीटर दिवसाच. त्यानंतर परत बसलो. नव्या चेनची चाल वाढली होती, ती जुळवली. ब्रेकच्या पट्टीचा नट आणि पिन, इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, हँडलचे बोल्ट पान्यानं तपासले. ऑइलच्या काडीवर पातळी तिथंच होती, म्हणजे इंजिन ऑइल खात नाही. त्या दिवशी पाना तिच्या हातात होता, मी पट्टी धरून बसलो होतो. १००० किलोमीटरला ऑइल परत बदलायचं, कारण पहिल्या भरणीनं जुनी घाण धुतली जाते. वहीतलं ते पान तिनं तारखेची जागा मोकळी सोडून आधीच आखून ठेवलंय.